तापल्या लोखंडाचा रंग

१८ जून २०१३

गंगाधरने शेवटी लोहार मान्य केला. पण त्याला तलवारी हव्यात, ढाली हव्यात आणि लाल दाढीचा बुटका लोहार हवा. "बाहेरच्या लोकांना तोच कळतो गं," म्हणाला. गंगाधर माझा कॉलेजातला मित्र आणि आता मालक. परळला एका जुन्या मिलच्या आवारात आमचं ऑफिस आहे, चार टेबलं आणि एक एसी. मोबाईलवरचे खेळ करतो. आधी फळांचा केला, मग फुलांचा. एकसारखी तीन एका ओळीत आणली की फुटतात, वरून नवी पडतात, एवढंच. आता फळांच्या जागी हातोडा, ऐरण, नाल, सांडशी.

लोहार ही माझीच कल्पना. मीटिंगमध्ये गप्प बसायची लाज वाटली म्हणून बोलून गेले. चित्रं काढायला बसले तर हात चालेना. ऐरणीला एका बाजूने शिंग असतं, याच्या पलीकडे मला काही माहीत नाही. बाबा मिलच्या लोहारखात्यात होते, तरीही. पण गिरण्यांच्या संपानंतर मी जन्मले. मला आठवतात ते बाबा एका बँकेच्या दारावर वॉचमनच्या कपड्यात.

आई म्हणाली, "मग धोंडूकडे जा की. तुझ्या बाबांच्या खात्यातला तो एकटाच अजून लोखंड ठोकतोय."

२५ जून

गेले. चिंचपोकळी स्टेशनच्या मागच्या गल्लीत, गॅरेजच्या शेजारी पत्र्याची शेड. धोंडूकाका सत्तरीच्या पुढचे असतील. बनियन, पायात जाड चपला, कपाळाला पट्टी. मी दारात उभी राहिले तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी काका म्हणून हाक मारली, मग आवाजावरून ओळखलं बहुतेक.

"जयवंताचा चेडू मा गो तू? गुणवंती?"

जयवंत म्हणजे बाबा, चेडू म्हणजे मुलगी. गुणवंती हे आजीचं नाव, मला चिकटवलेलं. ऑफिसात मी गुणा.

संपात मिल गेली तेव्हा काकांनी ही भट्टी टाकली. आता एकटेच आहेत. गिऱ्हाईक म्हणजे छिन्न्यांना धार लावून घेणारे पाथरवट आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरातले कोळी. त्यांच्या होड्यांचे नांगर, कड्या, आकडे. "आयत्या नांगराक धार नसता, जीव नसता," म्हणाले. मी काय बनवते ते विचारलं. खेळ म्हटलं.

"म्हणजे शाळेतल्या पोरांका शिकवण्यासाठी?"

मी हो म्हटलं. समजावत बसायचा कंटाळा आला. त्यांना इतका आनंद झाला की नंतर खरं सांगणं जमेना.

९ जुलै

आठवड्यातून दोनदा जाते. गंगाधरला सांगितलंय, रिसर्च.

आज मजा आली. काका लोखंडाचा तुकडा भट्टीत घालतात, पंखा सोडतात आणि मला विचारतात, "आता कसलो रंग?" आधी काळपट लाल. मग गाजरासारखा. मग नारिंगी, मग पिवळा. दोन तुकड्यांचा जोड करायचा असेल तर पिवळ्याच्याही पुढे पांढऱ्यावर न्यायला लागतं, ठिणग्यांची फुलं पडायला लागली पाहिजेत. एक क्षण उशीर झाला तर जळलं, आधी काढलं तर जोड धरत नाही. मी रंग सांगितला की ते "हं" म्हणतात आणि तुकडा काढतात. बरोबर की चूक हे सांगतच नाहीत. शिकवायची ही पद्धत मला फार आवडली. आमच्या शाळेत कोणी असं शिकवलं असतं तर.

परत येताना बसमध्ये सुचलं. खेळातल्या चौकटी नुसत्या फुटायच्या नाहीत, तापायच्या. शेजारी कोळसा जुळवला की लोखंड लाल, परत जुळवला की नारिंगी. पांढऱ्यावर आलं की जोडायचं. एक चाल जास्त झाली की जळून राख. गंगाधरला सांगितलं तर तो खुर्चीतून उठला. त्याला असं उठताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तलवारी गेल्या. बुटका राहिला.

२ ऑगस्ट

आज शेडमध्ये राधाबाई आल्या. मच्छीमार नगरातल्या कोळीण, काकांचं जुनं गिऱ्हाईक. नाकात मोठी नथ, हातात छत्री, आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जाणार, त्याआधी नवा नांगर पाहिजे. होडी त्यांचा मुलगा विठोबा चालवतो.

"धोंड्या, कडी जाड कर. मागल्या साली पोरानं वाऱ्यात रात काढली दर्यात."

"मोडलो तर माजो हात काप," काका म्हणाले.

"तुजा हात कापून मना काय, कालवण करायचंय?"

दोघं खूप हसले. मग माझ्याकडे बघून, "ही कोण?" काका म्हणाले, "माजी शिष्यीण." मला उगाच बरं वाटलं.

११ ऑगस्ट

शूटिंगचा दिवस. गंगाधरने चांगला माईक दिला होता. व्हिडिओ मोबाईलवर. राधाबाईंच्या नांगराची कडी करायची होती, म्हणजे खरा जोड. मी आधीच सांगून ठेवलं होतं की जोडाचा आवाज मला स्वच्छ हवा, म्हणून शेजारच्या गॅरेजवाल्याची जेवायची सुट्टी गाठायची.

कडी वाकवून, टोकं एकावर एक आणून काकांनी भट्टीत घातली. पंखा सोडला. मी मोबाईल धरून समोर. "कसलो रंग?" पिवळा काका. "आता?" स्क्रीनवर कडी ट्यूबलाइटसारखी दिसत होती. पांढरा, म्हटलं. पांढरा झाला काका, मारा!

काकांनी घण मारला. काय आवाज आला. टण्ण, आणि त्याच्या मागून बारीक घुमत गेलेला दुसरा. अंगावर काटा आला.

थंड झाल्यावर काकांनी जोडावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. "परत एकदा घालूया काय गो?" गॅरेजमध्ये ग्राइंडर सुरू झाला होता, परत घेतलेलं मला कामाचं नव्हतं, मोबाईलही संपत आला होता. मी म्हटलं, "कशाला काका, मस्त झालंय."

"मस्त?"

"एकदम."

त्यांनी कडी बाजूला ठेवली.

२४ सप्टेंबर

गणपतीत काही लिहिलं नाही. लालबागभर गर्दी आणि ऑफिसात त्याहून जास्त काम. पण खेळ उभा राहिला. जोड जमला की काकांचा तो टण्ण वाजतो. दाखवला त्या प्रत्येकाने एकच सांगितलं, तो आवाज ऐकण्यासाठी परत खेळावंसं वाटतं.

एक भानगड झाली. लोखंडाचे रंग मी व्हिडिओवरून घेतले होते आणि ते खोटे दिसत होते. शेडमध्ये डोळ्यांनी बघितलं ते असं नव्हतं. मोबाईलचा कॅमेरा तापलेल्या लोखंडाला फसतो, आहे त्याहून पांढरं दाखवतो. नारिंगी असेल तर पिवळं, पिवळं असेल तर पांढरं. सगळ्या पायऱ्या पुन्हा रंगवल्या. दोन दिवस गेले, पण आता बरोबर दिसतं.

१६ ऑक्टोबर

आईने जेवताना सांगितलं. रविवारी वारं सुटलं होतं तेव्हा राधाबाईंची होडी बाहेर नांगर टाकून उभी होती. नांगराची कडी उघडली. होडी खडकांवर गेली. विठोबा तिला ढकलायला उतरला आणि होडी आणि खडक यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला. नडगीचं हाड मोडलं, घोट्याचा चुरा. हॉस्पिटलात आहे. काल कोळी माणसं चिंचपोकळीला आली आणि उघडलेली कडी धोंडूकाकांच्या समोर टाकली. काकांनी कडी उचलून हातात फिरवली आणि म्हणाले, माझी चूक.

कडी तुटली नव्हती. जोड धरलाच नव्हता.

पांढरा झाला काका, मारा.

१७ ऑक्टोबर

ऑफिसात व्हिडिओ पुन्हा लावला. कडी पांढरी दिसते. म्हणजे ती पिवळी होती. कदाचित तेवढीही नव्हती. हे मला महिन्यापूर्वी कळलं होतं, मी रंग दुरुस्तही केले होते. खेळातले. त्या कडीचा विचार एकदाही मनात आला नाही. तेव्हा होडी धक्क्यावर होती का पाण्यात, कोण जाणे. एक फोन केला असता तर.

आणि ते परत घालू या म्हणत होते.

एकच कळत नाही. इतकी वर्षं लोखंड तापवणारा माणूस, त्याने माझं का ऐकलं? लाडाने ऐकलं असेल. जयवंताची मुलगी म्हणून. हे जास्तच वाईट.

२१ ऑक्टोबर

शेडमध्ये गेले. भट्टी विझलेली. काका ऐरणीला टेकून खाली बसले होते.

मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी रंग चुकीचा सांगितला. मोबाईलमध्ये बघून सांगितला."

ते झटकन वळले. "गप."

"पण काका, माझ्यामुळे..."

"तुज्यामुळे कायच नाय. कोणाक सांगलंस?"

"नाही."

"सांगा नको. आईक पण नको. तू माका रंग सांगलंस ह्या कोणाक कळता नये. माजी शपथ आसा."

मी रडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि हात आधी खांद्याला लागला. सगळा दोष स्वतःवर घेऊन मला वाचवणारा माणूस. बाबा गेल्यानंतर माझ्यासाठी असं कोणी केलं नव्हतं. मी लायक नाही याची.

२९ ऑक्टोबर

गंगाधरला म्हटलं, जोडाचा आवाज बदलू या. का, म्हणाला. मी नीट सांगू शकले नाही. तो म्हणाला, "गुणा, अख्ख्या खेळात लोकांना आवडलेली एकच गोष्ट आहे आणि तू ती काढायला सांगतेस?" डिसेंबरात बाजारात आणायचा आहे. दिवसभर चार टेबलांवर चाचणी चालते. टण्ण. टण्ण.

आई सांगते, काकांकडे आता पाथरवटच तेवढे येतात. कोळी कोणी नाही. माझ्या चुकीची शिक्षा ते भोगताहेत आणि मी शपथेच्या मागे लपले आहे. शपथ त्यांनी माझ्यासाठी घातली. मग ती मोडायचा हक्क माझाच नाही का?

६ नोव्हेंबर

भाऊबीज झाली. आज गेले मच्छीमार नगरात. फराळाचा डबा नेला, तो हातात कसातरीच वाटत होता.

बांबूंच्या माळ्यांवर बोंबील वाळत होते. घर समुद्राला लागून. विठोबा पलंगावर, पायाला बाहेरून सळ्या लावलेल्या. माझ्याच वयाचा. त्याच्या नजरेला नजर देता येईना म्हणून राधाबाईंकडे बघून सगळं बोलले. माझी चूक आहे, काकांची नाही. काकांनी विचारलं रंग कसला, मी मोबाईलमध्ये बघून पांढरा म्हटलं. त्यांनी माझं ऐकून घण मारला. त्यांना शिक्षा देऊ नका.

राधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यानं तुला कशाला विचारला?"

"ते विचारायचेच. मला शिकवायचे ना."

"नेहमी?"

"हो. प्रत्येक वेळी."

"तू नसशील तवा कोनाला विचारायचा?"



विठोबा पलंगावरून म्हणाला, "आये, म्हाताऱ्याला दिसत नाय."

त्याने म्हटलं आणि सगळं एकदम समोर आलं. दारात उभी असताना आवाजावरून ओळखणं. जोडावरचा अंगठा. डोक्याऐवजी खांद्याला लागलेला हात. आणि ती शपथ. ती माझ्यासाठी नव्हती. तो माणूस माझ्यासमोर हात जोडत होता आणि मी त्याला आशीर्वाद समजले.

"नाही, तसं नाही," मी म्हटलं. "दिसतं त्यांना."

कोणी माझं ऐकलं नाही. राधाबाईंनी डबा घेतला, रिकामा करून धुऊन परत दिला. रिकामा डबा देऊ नये म्हणून त्यात मूठभर सुका जवळा घातला.

९ नोव्हेंबर

दोन दिवसांत बातमी सगळीकडे. धोंडू लोहार आंधळा झालाय. पाथरवटही छिन्न्या घेऊन गेले. शेडला कुलूप आहे. काका चाळीतल्या खोलीत आहेत आणि दार उघडत नाहीत. मी दोनदा गेले. आतून रेडिओ ऐकू येतो, मी हाक मारली की बंद होतो.

आईला सगळं सांगितलं. वाटलं, समजावेल. ती भाजी निवडत होती.

"त्याने शपथ घातली होती?"

"हो."

"आणि तरी गेलीस."

"मला राहवेना गं. किती ओझं..."

"तेच म्हणते. तुझं ओझं उतरवायला गेलीस. त्याला विचारलंस?" मग भाजीकडेच बघत म्हणाली, "संपात मिल गेली तेव्हा ह्या सगळ्यांच्या हातात काही राहिलं नाही. तुझ्या बाबांनी तर परत घण हातात धरला नाही, एवढं तोडून टाकलं. धोंडूने एक शेड राखली होती."

 

१५ नोव्हेंबर

आज राधाबाई चिंचपोकळीला आल्या. मी चाळीच्या जिन्यातच होते, पुन्हा एकदा दार वाजवून परतत होते. त्यांनी मला बाजूला सारलं आणि छत्रीच्या मुठीने दार बडवलं.

"धोंड्या! उघड. नायतर तोडते."

दार उघडलं. काका दाढी वाढलेले, लुंगीवर.

"किती दिस दिसत नाय?"

काका दार परत लोटायला गेले.

"किती, म्हनते मी!"

"दोन वर्सां. आधी धुक्यासारखा होता. मग रंगच जावक लागले. लाल तो काळो दिसता."

"आनि तसाच माज्या पोराचा नांगर केलास."

"केलंय."

"सांगायला काय झाला होता?"

काका भिंतीला धरून खाली बसले. "सांगलंय असतंय तर भट्टी बंद झाली असती, राधे. मग मी काय करू? खय बसू?"

मला वाटलं त्या आता मारतील. त्यांनी छत्री काखेत मारली. मग म्हणाल्या, "चल. कापडं घाल."

"खय?"

"डोळे दाखवायला. माज्या पोराचा पाय मोडलास तू. आंधळा हाय, बिचारा हाय म्हनून मी तुला सोडनार नाय. तुला मी डोळस करीन आनि मग शिव्या घालीन."

काकांना ऑपरेशनची भीती होती. मिलमधला कोणी तरी ऑपरेशननंतर पार आंधळा झाला होता म्हणे. राधाबाईंनी ते ऐकूनच घेतलं नाही. मी सोबत निघाले, कोणी या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. सरकारी हॉस्पिटलात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. काका रांगेत बसले होते आणि मी त्यांचा केसपेपर धरून उभी. एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी.

१० डिसेंबर

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले. डावा पुढच्या महिन्यात. काळा चष्मा लावून गॅलरीत बसले होते. मी गेले तर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"तू जयवंतासारखी नाय दिसणस," म्हणाले. "मी आपलो त्याचो चेहरो तुका लावन बोलत होतंय."

मग स्वतःच बोलले. डॉक्टरने सांगितलं आहे, भट्टीसमोर परत बसू नका. शेड गॅरेजवाल्याला द्यायची ठरली. मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, माशी उडवल्यासारखा.

"तू सांगलंस ता वायट नाय झाला. डोळो इलो. पण माका विचारल्याशिवाय सांगलंस. ता मी विसरूचंय नाय."

"हो काका."

"आणि तुजो खेळ? पोरांका शिकवतहत शाळेत?"

मी खरं सांगितलं. शाळेचा नाही. लोक वेळ घालवायला खेळतात, स्टेशनवर, संडासात. शिकत कोणी नाही.

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे टायमपास."

"हो."

"दाखव नको," म्हणाले.

२२ डिसेंबर

खेळ बाजारात आला. चाललाय. गंगाधरने ऑफिसात केक कापला. सगळे लिहितात, जोडाचा आवाज काय सुंदर. तो मी काढलेला नाही. भांडले असते तर काढता आला असता बहुतेक. नोकरीवर पाणी सोडलं असतं तर नक्की आला असता. माझ्या मोबाईलचा आवाज मी बंद ठेवते. हे काही प्रायश्चित्त नव्हे, मला माहीत आहे.

१९ जानेवारी २०१४

सकाळी काका दारात. धुतलेला शर्ट, दोन्ही डोळे उघडे. आईला म्हणाले, "शांता, चेडवाक धाड माज्यावांगडा. मच्छीमार नगर माका ठावक नाय. इतकी वर्सां तेच येयत होते."

बसमध्ये सगळा वेळ खिडकीतून बघत होते. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, लहान मुलासारख्या. मी शेजारी बसून काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. विठोबाची मी अजून नीट माफी मागितली नव्हती. आज दोघांनी मिळून मागावी असं ठरवलं होतं.

घरापाशी पोचलो. विठोबा दारातच बसला होता, कुबड्या शेजारी. पाय अजून जाड, वाकडाच जुळलाय. काकांना बघून तो उठला नाही, काही म्हणालाही नाही. मी पुढे झाले.

काकांनी माझा दंड धरला. "तू हयच थांब."

"पण काका, माझीही चूक..."

"तुजी तू कधीतरी येवन सांग. आज माजी आसा."

आत गेले. दार लोटलं.

मी माळ्यांमध्ये उभी. एका म्हाताऱ्या कोळणीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, नुसती उभी हायस तर बोंबील परतव. परतवायला लागले. हाताला चिकट, वास थेट डोक्यात जाणारा. आतून आधी काही ऐकू येईना. मग विठोबाचा आवाज आला. तो इतका वेळ, इतके महिने गप्प असलेला माणूस, आणि आता थांबत नव्हता. शब्द कळत नव्हते. मध्येच राधाबाई ओरडल्या, तर तो त्यांच्यावरही ओरडला. काकांचा आवाज एकदाही आला नाही. बोंबलांची एक ओळ संपली, दुसरी सुरू केली.

काका बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, पण पावलं नीट पडत होती. आम्ही बसस्टॉपकडे चालायला लागलो. गल्लीबाहेर येताच मी विचारलं.

"काय म्हणाला?"

"उद्या परत ये म्हणालो."

"उद्या? कशाला?"

"आज त्याचा पुरा बोलान झाला नाय."

बस येताना दिसली. मी म्हटलं, मी येते उद्या तुमच्याबरोबर, रजा टाकते.

काकांनी कपाळावर हात धरून लांबूनच बसचा नंबर वाचला, मोठ्याने, बरोबर.

"नको," म्हणाले. "मी जातलंय."